राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना

राज्यकर्त्यांविषयी बोलण्याच्या दोन रीती सर्वांच्याच परिचयाच्या आहेत. एक स्तुतीची, दुसरी निंदेची. सत्कारसमारंभात पहिली ऐकू येते, चहाच्या टेबलाशी दुसरी. आणि कित्येकदा एकच माणूस सकाळी एक व संध्याकाळी दुसरी वापरताना आढळतो. या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी रीत ख्रिस्ती समाजात जवळजवळ दोन हजार वर्षे चालत आली आहे. राज्यकर्त्यांचे नाव घेऊन त्यांच्यासाठी परमेश्वरापाशी मागणे मागावयाचे, ही ती रीत होय. ही चाल का पडली, तिच्यात कोणते धोके आहेत आणि ती खरी कशी राहील, याचा विचार ख्रिस्ती माणसाला आवश्यक आहेच. पण लोकशाहीत राहणाऱ्या अन्य नागरिकांनाही तो अगदीच परका वाटू नये.

या विचाराला जबलपूर शहराची पार्श्वभूमी फार अनुरूप आहे. मराठी माणसाला नर्मदा परिक्रमेमुळे ठाऊक, आणि जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर ती घरचीच. शहराच्या दक्षिणेस ग्वारीघाटावर रोज सायंकाळी नर्मदेची आरती होते. समोरच्या तीरावर गुरुद्वारा आहे. गुरू नानकांचे पाय येथे लागले, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. इकडे शहरात जुनी चर्चे आहेत, आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांना शिक्षण देणारे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज १९२३ पासून येथेच आहे. या चर्चांतून रविवारच्या उपासनेत आजारी, दुःखी व प्रवासी यांच्यासाठी प्रार्थना होते, तशी देशाचा कारभार पाहणाऱ्यांसाठीही होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने रोमन कॅथलिक उपासनेत लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा अधिकारपदावरील व्यक्तींसाठी करावयाच्या प्रार्थनेला त्यात आवर्जून स्थान दिले. प्रॉटेस्टंट पंथांत तर ती प्रथा पूर्वीपासूनच होती.

या प्रथेचे मूळ फार जुने आहे, आणि ते सुखाच्या दिवसांत रुजलेले नाही. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलचा राजा नेबुखद्नेस्सर याने यरुशलेमच्या लोकांना कैद करून आपल्या देशी नेले. त्या निर्वासितांना यिर्मया संदेष्ट्याने एक पत्र लिहिले. शत्रूच्या नगरीचा नाश व्हावा अशी प्रार्थना करा, असे त्यात असेल ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु यिर्मयाने उलटच सांगितले. तेथे घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. कारण त्याचे कल्याण झाले तरच तुमचे होणार आहे. पुढे पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात हाच उपदेश राजे व सर्व अधिकारी यांच्या संबंधाने आला आहे. परंपरा असे सांगते की, त्या वेळी रोमच्या सिंहासनावर नीरो होता. ज्याच्या राजवटीत ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ झाला, त्याच्यासाठीही प्रार्थना करावयाची होती. तेव्हा राज्यकर्ता चांगला असेल तर प्रार्थना करावी, अशी अट या उपदेशात आरंभापासूनच नाही.

येथे एक भेद मात्र काळजीपूर्वक समजून घेतला पाहिजे. मराठीत ‘राजाची प्रार्थना’ आणि ‘राजासाठी प्रार्थना’ असे दोन प्रयोग होतात. दिसावयास फरक थोडा आहे, पण त्यासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. यरुशलेमच्या मंदिरात रोमन सम्राटासाठी रोज यज्ञ होत असे. सम्राटाला मात्र कधीही यज्ञ केला जात नसे. ख्रिस्ती मंडळीने हाच भेद पाळला. सम्राटासाठी आम्ही प्रार्थना करतो, पण त्याला देव म्हणणार नाही, असे कार्थेजच्या टर्टुलियनने इ. स. १९७ च्या सुमारास आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याने राजांसाठी प्रार्थना करा असे आपल्या पत्रात लिहून ठेवले होते. आणि त्याच पॉलिकार्पने, कैसराच्या नावाने शपथ घेण्याचे नाकारले म्हणून दुसऱ्या शतकाच्या मध्यास मरण पत्करले. या दोन गोष्टींत विसंगती नाही. ज्याच्यासाठी देवाजवळ मागावे लागते, तो स्वतः देव नव्हे, हे मागणाराच सर्वांहून अधिक जाणतो. राज्यकर्त्यासाठी केलेली प्रार्थना त्याला देवासमोर उभे करते, देवाच्या जागी बसवीत नाही. या प्रथेचे सारे मर्म एवढ्यात आले.

हिंदुस्थानात या प्रथेला एका अवघड काळातून जावे लागले. इंग्रजी अमलात अँग्लिकन पंथाच्या उपासनापुस्तकाप्रमाणे इंग्लंडच्या राजाचे वा राणीचे नाव घेऊन प्रार्थना होत असे. देशात स्वातंत्र्याची चळवळ वाढत असताना हे शब्द उच्चारणाऱ्या देशी ख्रिस्ती माणसाकडे शेजाऱ्यांनी संशयाने पाहावे, यात नवल नव्हते. हा साहेबाचा धर्म, आणि ही साहेबाची प्रार्थना, असे सहज म्हटले जाई. पण या समाजातील थोर माणसांनी राजनिष्ठेच्या त्या शब्दांना आपली सारसार बुद्धी गहाण टाकलेली नव्हती. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांची देशभक्तिपर कविता त्यानंतरही वाहतच राहिली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगणाऱ्या या कवीला देश सोडून धर्म जवळ करावयाचा नव्हता.

याहून बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांत रमाबाई होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुण्यात त्या वेळी प्लेग होता. मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर आसरा उभा करावा लागला. त्याच १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना ते रुचले नाही. पण ही गोष्ट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत जाऊन पोचली. केडगावच्या मुक्तिसदनाचे सारे जीवन प्रार्थनेवर उभे होते, आणि उत्तरायुष्यात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंनी आपला देह झिजविला. अशा बाईने सरकारला त्याची चूक सुनावण्यास मागेपुढे पाहिले नाही. प्रार्थना करणारा माणूस सत्तेपुढे मुका असतो, हा समज किती खोटा आहे हे यावरून कळून येते. गुडघे टेकावयाचे ते देवापुढे. त्यामुळेच इतरत्र ताठ उभे राहता येते.

१९५० सालच्या २६ जानेवारीला भारत प्रजासत्ताक झाला. प्रार्थनेतले राजाचे नाव गेले आणि राष्ट्रपती, मंत्री, न्यायाधीश व लोकप्रतिनिधी हे तिचे विषय झाले. पण हा बदल केवळ नावाचा नव्हता. त्याच्या आधी संविधान सभेत या संबंधाने दोन महत्त्वाचे प्रसंग घडून गेले होते.

पहिला प्रसंग मे १९४९ मधला. संविधान सभेचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्ष होते. मद्रास व मुंबई या प्रांतांत ख्रिस्ती समाजासाठी काही जागा राखून ठेवाव्यात, असे आधी ठरले होते. त्या राखीव जागा नकोत, ही भूमिका मुखर्जींनी घेतली. फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या सभासदांनी तिला साथ दिली. राज्यकर्ते आपल्यातलेच असावेत हा आग्रह सोडून, जे कोणी राज्यकर्ते होतील ते आपले मानण्याचा हा निर्णय होता. अर्थात त्यात धोका होता. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शेकडा एकाहूनही किंचित कमी आणि मध्य प्रदेशात हजारी सुमारे तीन आहेत. इतक्या लहान समाजाने बहुसंख्यांच्या सद्‌बुद्धीवर विश्वास ठेवावयाचा, तर त्या सद्‌बुद्धीसाठी प्रार्थना करणे त्याला भागच आहे.

दुसरा प्रसंग १७ ऑक्टोबर १९४९ चा. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी, संविधानाच्या प्रास्ताविकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी सूचना मांडली. हेच कामत पुढे नर्मदातीरीच्या होशंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. पंडित हृदयनाथ कुंझरूंसारख्या सभासदांना ही सूचना पटली नाही. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट आहे. ती साऱ्या राष्ट्रावर लादता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मतदान झाले, सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. संविधानाने अधिकारग्रहणाची शपथ मात्र ईश्वराच्या नावाने अथवा केवळ गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून घेण्याची मुभा ठेवली. कित्येक श्रद्धाळू माणसांना त्या मतदानाचे वाईट वाटले असेल. तथापि ख्रिस्ती दृष्टीने पाहता त्यात एक लाभ होता. शासनाने प्रार्थनेची मागणी केली नाही, तिला बक्षीसही ठेवले नाही. अशा शासनासाठी केलेली प्रार्थना हुकमाची राहत नाही, मनापासूनची होऊ शकते.

आता, अशी प्रार्थना का करावी, या प्रश्नाकडे वळले पाहिजे. पहिले कारण असे की, राज्यकर्ता हा माणूस असतो, आणि हे सर्वांत आधी त्याच्या भक्तांना व शत्रूंना विसरावयास होते. ग्वारीघाटावरून नर्मदा पश्चिमेस वाहत जाते, तेथे काही मैलांवर तिलवाराघाट लागतो. त्याच परिसरात, प्राचीन त्रिपुरीच्या नावाने, मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले होते. त्याआधी जानेवारीत सुभाषचंद्र बोस हे पट्टाभि सीतारामय्यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव करून अध्यक्ष झाले होते. महात्मा गांधींना तो निकाल रुचला नव्हता. अधिवेशनाच्या वेळी गांधीजी राजकोटला होते, आणि सुभाषबाबू इतके तापाने फणफणलेले होते की, त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले; त्यांचे भाषणही त्यांच्या बंधूंनी वाचून दाखविले. एप्रिल संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगाचा पक्ष आणि प्रतिपक्ष यांच्या अंगाने विचार होतो, आणि तो झालाच पाहिजे. पण त्या दिवसांत त्रिपुरीच्या मंडपात कोणी या दोन्ही पुढाऱ्यांसाठी प्रार्थना केली असेल, तर ती कशी असावयास हवी होती? एकाला आरोग्य मिळो, दुसऱ्याच्या मनातील किल्मिष जावो, दोघांचेही देशप्रेम एकमेकांना दिसो. अशी प्रार्थना करणाऱ्याने कोणती तरी एक बाजू घेऊच नये असे नाही. परंतु ती घेतल्यावरही दुसऱ्या बाजूचा माणूस त्याच्या लेखी माणूसच राहतो. गांधीजींच्या अस्थींचा काही अंश १९४८ साली याच तिलवाराघाटावर नर्मदेत विसर्जित झाला. सुभाषबाबू तर त्याआधीच गेलेले होते. राज्यकर्त्यांच्या आयुष्याची मर्यादा नदीकाठी जितकी स्पष्ट दिसते, तितकी राजधानीत दिसत नाही.

दुसरे कारण असे की, राज्यकर्त्याच्या निर्णयाचे वजन बाहेरून कळत नाही. ग्वारीघाटाच्या वरच्या अंगास नर्मदेवर बरगीचे धरण आहे. ते १९९० साली पूर्ण झाले. त्याने शेताला पाणी दिले, वीज दिली. आणि दीडशेहून अधिक गावांना आपल्या पोटात घेतले वा उठविले. असा निर्णय ज्याच्या सहीने होतो, त्याच्यासमोर टेबलावर एक फाइल असते. तिच्यावर खालपासून वरपर्यंत टिपणी लिहिलेली असते, आकडे मांडलेले असतात, शेरे मारलेले असतात. आकड्यांत घर बुडालेल्या म्हातारीचा चेहरा दिसत नाही; आणि पाणी न मिळाल्यामुळे दरसाल गाव सोडणाऱ्या मजुराचाही दिसत नाही. अशा वेळी बुद्धी पुरत नाही, विवेक लागतो. शलमोन राजा झाला तेव्हा त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूचे प्राण मागितले नाहीत. प्रजेचा न्याय करण्यासाठी समजूतदार मन मागितले. ही कथा नेहमी राजाच्या शहाणपणाची म्हणून सांगितली जाते. पण जे मागणे राजाने स्वतः मागितले, ते आपल्या राजासाठी मागणे हे प्रजेचेही काम आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. लोकशाहीत राज्यकर्ता म्हणजे अखेर कोण? मत देणारा नागरिक. आमदार, खासदार वा सरपंच हे त्याचेच प्रतिनिधी. तेव्हा जो नागरिक राज्यकर्त्याच्या लोभासाठी देवाची क्षमा मागतो, त्याला आपण मत देताना कशाला भुललो, जातीला, पैशाला की भीतीला, हेही त्याच श्वासात विचारावे लागते. जो नागरिक राज्यकर्त्याला सत्य बोलण्याचे धैर्य मिळो असे म्हणतो, त्याला स्वतःच्या प्राप्तिकराच्या कागदावर खोटे लिहिताना संकोच वाटल्यावाचून राहत नाही. राजेशाहीत ही प्रार्थना सिंहासनाकडे जात होती. प्रजासत्ताकात ती सिंहासनापर्यंत जाऊन प्रार्थना करणाऱ्याकडेच परत येते.

पण या प्रथेत धोकेही आहेत. पहिला धोका खुशामतीचा. लहान समाजाला हा मोह विशेष होतो. मंत्रिमहोदय उपस्थित असताना केलेली प्रार्थना हळूहळू मानपत्रासारखी होऊ लागते. देवाला उद्देशून बोलावयाचे आणि ऐकवावयाचे मात्र पहिल्या रांगेतल्या खुर्चीला, असा प्रकार घडतो. दुसरा धोका याच्या उलट आहे. प्रार्थनेच्या आडून आपला राजकीय राग व्यक्त करावयाचा आणि देवाला आपल्या पक्षाचा सभासद करून टाकावयाचे. दोन्ही ठिकाणी देव नाममात्र राहतो.

या दोन कड्यांमधून चालणे किती अवघड आहे, हे जगाच्या इतिहासात दिसून येते. सप्टेंबर १९३८ मध्ये युरोपवर युद्धाचे ढग जमले असता, जर्मनीतील हिटलरविरोधी कन्फेसिंग चर्चच्या पुढाऱ्यांनी शांततेसाठी एक प्रार्थना तयार केली. तिच्यात राष्ट्राच्या पापांची कबुली होती. नाझींनी तिला देशद्रोह ठरविले. दक्षिण आफ्रिकेत, सोवेटो येथील १९७६ च्या गोळीबाराच्या स्मृतिदिनी, म्हणजे १६ जून १९८५ रोजी, तेथील चर्चांच्या परिषदेने अन्यायी राजवटीच्या अंतासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. तेव्हा धर्मगुरूंमध्येच मतभेद झाले. राज्यकर्त्यांचे हित इच्छावे, की त्यांची सत्ता जावी असे इच्छावे? याचे उत्तर सोपे नाही. परंतु अन्यायी माणसाच्या हातून अन्यायाचे साधन काढून घेतले जाणे हे त्याच्याही हिताचे असते, एवढे म्हणता येईल. महाराष्ट्राला हा विचार नवीन नाही. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या दुष्टपणाचा मागितला. त्या मागण्याशी परिचित असलेल्या मराठी मनाला ख्रिस्ताची शत्रूसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा समजावयास वेळ लागू नये.

आपल्या देशातही असे कसोटीचे प्रसंग आलेले आहेत. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मांतरे शुद्ध मार्गाने होत नाहीत, असा त्यातला आरोप अनेकांना योग्य वाटला. ख्रिस्ती संस्थांना तो अन्यायाचा वाटला. १९६८ साली राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. या साऱ्या काळात त्याच राज्याच्या मंत्र्यांची नावे रविवारच्या प्रार्थनेत घेणे ख्रिस्ती माणसाला सोपे गेले नसेल. पण यिर्मयाचे पत्र अशाच दिवसांसाठी लिहिलेले होते. ज्या निर्णयाने दुःख झाले त्याविरुद्ध न्यायालयात जावे, आणि ज्याने निर्णय केला त्याच्यासाठी देवाजवळ जावे. या दोन वाटा एकमेकींना अडवीत नाहीत.

१९७५ साली देशात आणीबाणी पुकारली गेली. केरळातील मार थोमा चर्चचे प्रमुख युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून, स्वातंत्र्यावरील बंधनांबद्दल आपली असंमती कळविली. बहुतेक व्यासपीठांवर त्या वेळी शांतता होती. वयोवृद्ध धर्मगुरूने राज्यकर्त्याला सरळ पत्र लिहावे, ही रीत नाथान संदेष्ट्याची आहे. दावीद राजाचा अपराध त्याने त्याच्या तोंडावर सांगितला होता. अलीकडे, २०१८ साली, दिल्लीच्या आर्चबिशपांनी आपल्या चर्चांना पत्र पाठवून देशातील अशांत राजकीय वातावरणाचा उल्लेख केला आणि पुढील वर्षीच्या निवडणुकीच्या आधी प्रार्थना व उपवास करण्यास सुचविले. त्यावर मोठा वाद झाला. काहींना ते राजकारण वाटले, काहींना कर्तव्य. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. राष्ट्रासाठी केलेल्या प्रार्थनेचे शब्द शेजाऱ्यांच्याही कानी पडतात. म्हणून ते शब्द कोणाही पक्षाच्या प्रामाणिक माणसाला ‘आमेन’ म्हणता येईल असे निवडले पाहिजेत.

राहिला प्रश्न ‘कशी’ हा. त्यासाठी फार मोठे शास्त्र नको. काही साध्या सवयी पुरतात.

प्रार्थना नावाने करावी. ‘सर्व पुढारी’ असे म्हटले की कोणीच डोळ्यांसमोर येत नाही. राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्याबरोबर विरोधी पक्षाच्या नेत्याचेही नाव घ्यावे. ज्याला आपण मत दिले नाही, त्याचे आधी घ्यावे. नगरपालिकेचा सभासद, जिल्हाधिकारी, तहसीलदार, ठाण्यातला फौजदार, गावचा तलाठी, आणि फाइलीवर पहिली टिपणी लिहिणारा कारकून यांनाही विसरू नये. कारण गरिबाला राज्य भेटते ते बहुधा याच माणसांच्या रूपाने.

प्रार्थनेत मागावयाचे ते न्याय, विवेक, सत्य आणि संयम. स्तोत्रसंहितेतल्या बहात्तराव्या स्तोत्रात राजासाठी केलेली प्रार्थना आहे. तिच्यात राजाच्या मोठेपणाची कसोटी गरिबाला मिळणारा न्याय ही धरली आहे. पक्षाचा विजय मागू नये. पराभव पचविण्याची शक्ती मात्र सर्वांसाठी मागावी. राज्यकर्त्याच्या प्रकृतीसाठी, घरच्या माणसांसाठी, रात्रीच्या झोपेसाठी मागण्यातही कमीपणा नाही. थकलेल्या माणसाच्या हातून चुकीच्या सह्या होतात.

मागण्याबरोबर आभारही मानावेत. दुष्काळात वेळेवर पोचलेले धान्य, साथीत उघडा राहिलेला दवाखाना, शांततेने पार पडलेले मतदान, या गोष्टी आपोआप होत नाहीत. त्यांच्यामागे नाव नसलेली माणसे जागलेली असतात. निंदेची सवय लागलेल्या समाजाला कृतज्ञता शिकविण्याचे काम ही प्रार्थना करू शकेल.

आणि शेवटी, प्रार्थनेच्या मागोमाग कृती यावी. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे पाहावे. कर वेळेवर भरावा. वृत्तपत्रातले एखादे विधेयक समजून घ्यावे. अन्याय दिसला तर सभ्य भाषेत, स्वतःच्या सहीनिशी पत्र लिहावे. पंडिता रमाबाईंनी हेच केले होते. ज्या विषयासाठी देवाजवळ रोज मागावयाचे, त्या विषयात स्वतः बोट हलवावयाचे नाही, याला प्रार्थना म्हणत नाहीत.

या प्रार्थनेने राज्यकर्ते बदलतात की नाही, असा प्रश्न शंकेखोर माणूस विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. श्रद्धावान ख्रिस्ती माणूस उत्तर देईल की, राजाचे अंतःकरण देवाच्या हाती आहे आणि ते कसे वळेल याचा हिशेब माणसाने ठेवू नये. ज्याला हे उत्तर पुरत नाही, त्यानेही एक गोष्ट पारखून पाहावी. ज्या माणसाचे नाव वर्षभर रोज कल्याणाच्या इच्छेने घेतले, त्याच्याविषयी खोटी अफवा पुढे सांगणे जिभेला जड जाते. आणि त्याच्या हातून अन्याय झाला तर तो लपविणेही तितकेच जड जाते. राज्यकर्त्याचा द्वेष नाही, त्याची पूजाही नाही, आणि त्याच्याविषयी बेपर्वाई तर मुळीच नाही, असे नागरिक देशात थोडे जरी वाढले, तरी राज्यकर्त्यांचे काम आजच्याहून अधिक अवघडही होईल आणि अधिक सोपेही होईल. अवघड अशासाठी की, त्यांना कोणी फसवू देणार नाही. सोपे अशासाठी की, त्यांना कोणी एकटे सोडणार नाही.